गुलमर्गचा हिवाळा: हवा वाचून स्कीइंगचा बेत कसा ठरवावा

गुलमर्गला स्कीइंगसाठी निघणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो की बर्फ कधी असतो. ‘डिसेंबर ते मार्च’ हे उत्तर चूक नाही, पण त्याच्या भरवशावर विमानाचं तिकीट काढावं इतकं ते पक्कंही नाही. जानेवारी २०२४ मध्ये, ऐन चिल्लई कलानच्या, म्हणजे काश्मीरच्या सर्वांत कडाक्याच्या चाळीस दिवसांत, गुलमर्गचे उतार जवळजवळ उघडे पडले होते. बर्फ आला तो महिना संपता संपता. २०२५ साली खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीत व्हायचा होता. बर्फ पुरेसा नाही म्हणून तो पुढे ढकलला गेला आणि मार्चमध्ये पार पडला.

याची दुसरी बाजूही आहे. ३० जानेवारी २०२३ च्या सुमारास काश्मीरभर जोरदार बर्फ पडला. दोनच दिवसांनी, १ फेब्रुवारीला, गुलमर्गवरच्या अफरवट डोंगराच्या हापतखुद भागात हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले. बर्फ भरपूर होता, आकाश उघडलं होतं, फोटोत स्वप्नवत दिसावा असाच दिवस होता.

म्हणून माझं सांगणं असं की महिना पाहून फक्त शक्यता कळते. पायाखालचा बर्फ चांगला आहे की वाईट, सुरक्षित आहे की नाही, हे मागच्या तीन-चार दिवसांतल्या हवेवर ठरतं, आणि कधीकधी मागच्या दोन महिन्यांतल्या हवेवर. ती हवा वाचायला शिकता येतं. निर्णय ज्या क्रमाने घ्यावे लागतात त्याच क्रमाने इथे लिहितो.

आधी डोंगराची रचना समजून घ्या

गुलमर्ग पीर पंजालच्या ईशान्येकडच्या अंगावर आहे. हॉटेलं, गोल्फचं मैदान आणि त्याच्या आजूबाजूचे शिकाऊ लोकांचे उतार साधारण २,६५० मीटरवर आहेत. तिथून गोंडोलाचा (केबल कारचा) पहिला टप्पा कोंगडूरीला, म्हणजे सुमारे ३,०८० मीटरवर नेतो. तो १९९८ मध्ये सुरू झाला. दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला आणि अफरवटच्या धारेजवळ, सुमारे ३,९५० मीटरवर पोचवतो. खालच्या स्टेशनापासून वरच्या स्टेशनापर्यंत तेराशे मीटरचा चढ आहे. ढगाळ, ओल्या हवेत दर शंभर मीटरला तापमान साधारण ०.६ अंशाने उतरतं, त्यामुळे गावात उणे दोन असेल तेव्हा वर उणे दहा धरायला हरकत नाही. कोंगडूरीच्या थोडं वर झाडं संपतात. तिथून पुढे वाऱ्याला अडवायला काही नाही आणि ढगात शिरल्यावर नजरेला धरायलाही काही नाही.

उंचीइतकीच दिशा महत्त्वाची. झंझावात येताना वारे दक्षिण-नैर्ऋत्येकडून वाहतात. धार ओलांडताना ते पलीकडचा बर्फ उचलतात आणि अलीकडे, ईशान्येच्या आडोशाला, आणून टाकतात. आपण स्की करतो ती हीच बाजू. गुलमर्गचा पावडर, म्हणजे कोरडा, भुरभुरीत नवा बर्फ, जगभर नावाजला जातो त्यामागे हे कारण आहे, आणि इथल्या हिमस्खलनांमागेही हेच. हे ध्यानात ठेवलं की पुढचं बरंच काही आपोआप उलगडतं.

बर्फ येतो कुठून

काश्मीरच्या हिवाळी बर्फाचा मान्सूनशी संबंध नाही. तो आणतात पश्चिमी झंझावात, हवामान खात्याच्या इंग्रजी पत्रकांतले ‘वेस्टर्न डिस्टर्बन्स’. भूमध्य समुद्र, काळा समुद्र आणि कॅस्पियनच्या पट्ट्यात हवेच्या वरच्या थरांत द्रोणीसारखी घडी पडते. पश्चिमेकडून वाहणाऱ्या जेट प्रवाहाबरोबर ती इराण, अफगाणिस्तान ओलांडून आपल्याकडे येते. वाटेत अरबी समुद्रावरचं बाष्पही तिला मिळतं. पीर पंजालवर ही हवा उचलली जाते, थंड होते आणि बर्फ पडतो.

हिवाळ्याच्या एका महिन्यात असे चार ते सहा झंझावात येतात, पण सगळे सारखे नसतात. काही नुसते उंच ढग आणून जातात. काही चार-पाच सेंटिमीटर शिंपडतात. एखादाच असा येतो की दोन दिवस थांबत नाही आणि मीटरभर बर्फ टाकून जातो. बातम्यांत ‘झंझावात येतोय’ वाचून हुरळून जाऊ नका, त्याची ताकद किती ते पाहा.

महाराष्ट्रातल्या थंडीशी याचं थेट नातं आहे. झंझावात पूर्वेला सरकला की त्याच्या मागे उत्तरेचे कोरडे, गार वारे खाली उतरतात आणि निफाडचा पारा घसरल्याची बातमी येते. ही बातमी वाचलीत की काश्मीरमध्ये आकाश नुकतंच उघडलं असण्याची शक्यता मोठी. विदर्भात जानेवारी-फेब्रुवारीत अवकाळी पाऊस आणि गारपीट होते तिलाही अनेकदा याच घड्यांचा हातभार असतो.

तारखा ठरवताना

काश्मिरी लोक हिवाळ्याचे तीन भाग करतात. चिल्लई कलान चाळीस दिवसांचा, २१ डिसेंबरपासून जानेवारी अखेरपर्यंत. त्यानंतर वीस दिवस चिल्लई खुर्द आणि शेवटी दहा दिवस चिल्लई बच्चा. कडाका पहिल्या भागात सर्वांत जास्त असतो. पण स्कीइंगला थंडीबरोबर साठलेला बर्फही लागतो, आणि तो साठायला वेळ जातो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बरेचदा दगड आणि झुडपं नुसती झाकलेली असतात, बुजलेली नसतात. त्यातून स्की दगडावर घासते, आणि गुडघ्याचं काय होतं ते सांगायला नको.

पावडरसाठी जाणाऱ्याने जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा तिसरा आठवडा निवडावा. तोवर खालचा थर बसलेला असतो, थंडी टिकून असते आणि झंझावातही येत असतात. पहिल्यांदा शिकणाऱ्याला मी मात्र फेब्रुवारीचा उत्तरार्ध किंवा मार्चचा पहिला पंधरवडा सुचवीन. दिवस मोठा, ऊन बरं, आणि बोटं गारठली नाहीत तर शिकणंही जास्त होतं.

किती दिवस राहायचं हा प्रश्न तारखांपेक्षा मोठा आहे. तीन दिवसांच्या सहलीत हवा तुमच्या बाजूने असेल तर ते नशीब. सहा-सात रात्री ठेवल्या तर एखादा झंझावात आणि त्यानंतरचे उघडे दिवस दोन्ही हाती लागण्याची बरीच शक्यता असते. त्यावर परतीच्या बाजूला एक दिवस मोकळा ठेवा. जोराचा बर्फ पडला की श्रीनगरची विमानं रद्द होतात. टंगमर्ग ते गुलमर्ग हा तेरा किलोमीटरचा घाट साखळ्या लावलेल्या किंवा फोर-बाय-फोर गाड्यांनाच खुला राहतो. मुंबई-पुण्याहून जाताना दिल्लीची जोड घेतली असेल तर दोन विमानांत भरपूर अंतर ठेवा.

आठवडाभर आधी: नकाशा उघडून काय पाहायचं

मोबाइलमधला ढगाचा आणि बर्फाच्या चांदणीचा छोटा आकडा डोंगरासाठी निरुपयोगी आहे. तो बहुतेक वेळा एखाद्या मधल्याच उंचीचा असतो. विंडीसारखं ॲप किंवा संकेतस्थळ उघडा, त्यात हवेचे वेगवेगळे थर निवडता येतात. दोन थर लक्षात ठेवा: ७०० हेक्टोपास्कलचा (हे हवेच्या दाबाचं एकक) थर साधारण तीन हजार मीटरवर असतो, म्हणजे कोंगडूरीच्या आसपास, ६०० हेक्टोपास्कलचा साधारण ४,२०० मीटरवर, म्हणजे अफरवटच्या माथ्याशी. या दोन थरांतला वारा आणि तापमान पाहिलंत की डोंगरावर काय चाललंय ते कळतं.

मग पाहा पाण्याचा आकडा. अंदाज मिलिमीटरमध्ये येतो. एक मिलिमीटर पाणी म्हणजे ढोबळमानाने एक सेंटिमीटर बर्फ. वर उणे दहा-बारा असेल तर तेच पाणी दीड सेंटिमीटर किंवा जास्त फुगतं, हलकं आणि कोरडं पडतं. शून्याच्या आसपास पडलं तर सेंटिमीटरही भरत नाही आणि स्कीखाली चिखलासारखं लागतं.

त्यानंतर शून्य अंशाची रेषा किती उंचीवर आहे ते पाहा. बर्फ या रेषेच्या दोन-तीनशे मीटर खालपर्यंत बर्फ म्हणूनच पोचतो. रेषा २,४०० मीटरवर असेल तर गुलमर्गला कोरडा बर्फ. ३,२०० वर असेल तर गावात पाऊस किंवा भिजका बर्फ आणि चांगला माल फक्त वर. आकडा सापडला नाही तर श्रीनगरचं तापमान घ्या. श्रीनगर सुमारे १,५८५ मीटरवर आहे. पाऊस-बर्फ चालू असताना तिथे तीन अंश असतील तर गुलमर्गला साधारण उणे तीन आणि दुसऱ्या टप्प्याच्या माथ्यावर उणे अकरा. हा हिशोब फक्त ढगाळ, पडत्या हवेत चालतो. निरभ्र रात्री थंड हवा खोऱ्यात साचून राहते आणि काही पहाटे श्रीनगर गुलमर्गइतकंच गारठलेलं असतं.

वाऱ्याकडे शेवटी पाहायचं, पण वजन त्याला सर्वांत जास्त द्यायचं. माथ्यावर ताशी पन्नास-साठ किलोमीटरचे झोत दिसत असतील तर दुसरा टप्पा सुरू होईल ही आशा धरू नका. उणे दहा तापमानात ताशी तीस किलोमीटरचा वारा उघड्या कातडीला उणे वीससारखा लागतो.

अंदाजावर किती विसंबायचं? तीन दिवसांपर्यंतचा अंदाज बेत करण्याजोगा असतो. पाच दिवसांचा नुसता कल सांगतो. दहा दिवसांचा पाहून हॉटेल रद्द करू नका आणि ठरवूही नका. युरोपचं आणि अमेरिकेचं अशी हवामान-अंदाजाची दोन्ही प्रारूपं (मॉडेल) उघडा. दोन्ही एकाच दिवशी बर्फ दाखवत असतील तर विश्वास वाढवा. दोघांत दिवसाचा फरक पडत असेल तर अजून काही नक्की झालेलं नाही असं समजा. जोडीला श्रीनगरच्या हवामान केंद्राचं रोजचं पत्रक वाचा. तिथली माणसं हे खोरं वर्षानुवर्षं पाहत आलेली आहेत.

गुलमर्गला पोचल्यावर: डोळे उघडे ठेवणं

झंझावात यायच्या आधीची चिन्हं ठरलेली असतात. प्रथम पांढरे, पिसांसारखे उंच ढग पश्चिमेकडून पसरतात, सूर्याभोवती किंवा चंद्राभोवती खळं पडतं. रात्र नेहमीसारखी गारठत नाही. ढगांचं पांघरूण असलं की किमान तापमान चार-पाच अंशांनी वर राहतं. वारा दक्षिणेकडून येऊ लागतो. अफरवटच्या धारेवरून बर्फाची धूळ उडताना दिसू लागते. ही धूळ नीट पाहा, ती कुठल्या बाजूला पडतेय त्यावरून बर्फाचे ढिगारे कुठे जमणार ते कळतं. खाली शांत असलं तरी धारेवर झेंड्यासारखा फरफरणारा पांढरा पट्टा दिसला की वर वारा जोरात आहे.

उघाड जवळ आली की वारा वायव्येकडून येऊ लागतो, ढग फुटू लागतात आणि पारा झपाट्याने उतरतो.

रोज सकाळी न्याहारीच्या आधी तीन नोंदी करा: रात्रीचं किमान तापमान, कठड्यावर किंवा उघड्या टेबलावर नवा बर्फ किती बोटं, आणि वाऱ्याची दिशा. मुठीत बर्फ घेऊन दाबून पाहा. गोळा होत नाही, भुरभुरतो, तर तो कोरडा पावडर. गोळा होऊन हाताला पाणी लागलं तर दिवस वरच्या उतारांचा आहे. नोंदवही चार दिवसांची झाली की तिच्यातून जे कळतं ते कुठल्याच ॲपमध्ये मिळत नाही.

बर्फ पडत असताना आणि थांबल्यावर

दिवसभर बर्फ पडत असतो तेव्हा दुसरा टप्पा बहुधा बंद असतो. ते वाईट नाही. अशा दिवशी झाडांतली स्कीइंग सर्वांत सुंदर. मंकी हिलच्या बाजूला किंवा खालच्या बाबारेशी दर्ग्याकडे उतरणाऱ्या जंगलात वारा लागत नाही आणि झाडांच्या काळ्या खोडांमुळे उतार दिसतो. उघड्या उतारावर ढगात शिरलात तर जमीन आणि आकाश एकच पांढरं होतं, आपण थांबलोय की घसरतोय हेही समजत नाही. ज्यांना जंगलात वळणं घेता येत नाहीत त्यांनी गोल्फच्या मैदानावर सराव करावा.

बर्फ थांबतो, पहाटे निळं आकाश दिसतं, आणि गोंडोलाच्या खिडकीसमोर रांग लागते. सर्वांत मोठा धोका आणि सर्वांत मोठा मोह एकाच सकाळी येतात ते इथे. नवा बर्फ खालच्या थराला चिकटायला वेळ लागतो. जोराच्या हिमवर्षावानंतरचे पहिले चोवीस ते अठ्ठेचाळीस तास हिमस्खलनाच्या दृष्टीने सर्वांत वाईट. दिवसात तीस सेंटिमीटरहून जास्त नवा बर्फ पडला असेल, किंवा त्याहून कमी पडून वर वारा असेल, तर ठरवून ठेवलेल्या हद्दीबाहेर जाऊ नये. वारा ताशी पंचवीस-तीस किलोमीटर झाला की मोकळा बर्फ वाहू लागतो आणि आडोशाच्या उतारावर आकाशातून पडणाऱ्यापेक्षा कितीतरी पट वेगाने जमतो. गावात पंधरा सेंटिमीटर मोजलेत म्हणून धारेखाली पंधराच असेल असं नाही, तिथे मीटर असू शकतो.

आता जुन्या हवेची गोष्ट. गुलमर्गच्या बर्फातली ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि ती फारशी कोणी सांगत नाही. ज्या वर्षी डिसेंबर-जानेवारी कोरडे जातात त्या वर्षी जमिनीवर पातळ थर असतो, समजा चाळीस सेंटिमीटर. त्याच्या तळाशी जमिनीच्या उबेमुळे तापमान शून्याजवळ, आणि वर पहाटेची हवा उणे पंधरा. म्हणजे दर दहा सेंटिमीटरला जवळजवळ चार अंशांचा फरक. एक अंशाहून जास्त फरक असला की बर्फातली वाफ खालून वर सरकते आणि कण टोकदार, साखरेसारखे सुटे होतात, एकमेकांना धरत नाहीत. त्यावर फेब्रुवारीत मीटरभर बर्फ येऊन बसला की वरचा जड थर सुट्या कणांवर टेकलेला राहतो. स्कीपटूचं वजन तो सुटायला पुरतं. हा कमकुवत थर दोन दिवसांत बरा होत नाही, काही आठवडे टिकतो. २०२४ चा हिवाळा याच क्रमाने गेला: लांबलेला कोरडा काळ, मग भरभरून बर्फ, आणि २२ फेब्रुवारीला गुलमर्गच्या वरच्या खिलनमर्गमधल्या हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा मृत्यू. म्हणूनच ‘यंदा बर्फ उशिरा आला’ असं कानावर आलं की माझा हात आखडतो. उशिरा आलेला जोरदार बर्फ वेळेवर आलेल्यापेक्षा जास्त काळ अविश्वासाने पाहावा.

फेब्रुवारी २०१० मध्ये याच खिलनमर्गात प्रशिक्षण घेणारे लष्कराचे सतरा जवान हिमस्खलनात गेले होते. तेही डोंगरातच तयार होणारे लोक होते. अनुभवाला बर्फ जुमानत नाही.

हिमस्खलनाबाबत न मोडण्याचे नियम

डीआरडीओ या संरक्षण संशोधन संघटनेची डीजीआरई ही संस्था जिल्हावार हिमस्खलनाचे इशारे देते. गोंडोलाच्या परिसरात गुलमर्गचं स्की पेट्रोल (उतारांवरचं गस्ती पथक) उतार उघडतं आणि बंद करतं. वरच्या स्टेशनासमोरचा मुख्य बाउल (वाटीसारखा खोलगट उतार) ते तपासून खुला करतात. त्याच्या दोन्ही बाजूंना दोरीपलीकडे जे आहे ते तपासलेलं नसतं, मग तिथे कितीही लोकांच्या खुणा दिसोत. धोक्याची पातळी एक ते पाच असते. तीन ही ‘मध्यम’ वाटते, पण अनेक जीवघेणे अपघात तिच्यावरच होतात. तीनला मी तीव्र उतार पूर्ण वगळतो.

पाटीसारखा तुटणारा बर्फ बहुतेक वेळा तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर सुटतो. मोबाइलमध्ये कोन मोजण्याची सोय असते. स्की पोल उतारावर आडवा ठेवून त्यावर मोबाइल टेकवलात की आकडा मिळतो. पंचवीस अंशांच्या आतल्या उतारावरही सुरेख स्कीइंग होतं, फक्त त्याच्या वर तीव्र उतार लटकत नाही ना ते पाहायला हवं.

चालताना पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज आला, स्कीच्या टोकापासून बर्फात भेग धावत गेली, किंवा समोरच्या उतारावर ताजं स्खलन दिसलं, तर चर्चा करत बसू नका, आलात त्याच वाटेने परत फिरा. हद्दीबाहेर जाणाऱ्या प्रत्येकाकडे ४५७ किलोहर्ट्झचा ट्रान्सीव्हर (गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) हवंच, आणि ते वापरण्याचा सराव हवा. मोबाइल ट्रान्सीव्हरपासून वीस सेंटिमीटर, आणि शोधताना अर्धा मीटर लांब ठेवा. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत काढलं तर जवळपास दहातले नऊ जगतात. अर्ध्या तासाने हे प्रमाण तिनात एकावर येतं. बचावपथक खालून येईपर्यंत हा वेळ निघून गेलेला असतो, काढणारे सोबतीच असतात. म्हणून तीव्र उतार एकेकाने उतरावा आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी. स्थानिक गाइड घ्या. तो सोबत असला तरी त्याला ‘आज कुठे जायचं नाही आणि का’ हे विचारा. उत्तरावरून गाइडही कळतो.

पहिल्यांदा स्की घालणाऱ्यांसाठी

पहिले तीन दिवस गोंडोलाकडे वळूच नका. गुलमर्गमध्येच केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनियरिंग आहे, पहलगामला जवाहर इन्स्टिट्यूट, मनालीला अटलबिहारी वाजपेयी संस्था. यांचे अनेक दिवसांचे वर्ग तासाच्या शिकवणीपेक्षा कितीतरी फायद्याचे. एका तासात उभं राहायला शिकता येतं, थांबायला नाही, आणि उतारावर आधी लागतं ते थांबणं.

भाड्याचा बूट घेताना घाई करू नका. ताठ उभं राहिल्यावर अंगठा पुढे टेकला पाहिजे, गुडघा पुढे वाकवल्यावर तो किंचित सुटला पाहिजे, आणि टाच उचलता येता कामा नये. मोजे एकच, पातळ आणि लांब. दोन मोज्यांनी रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गार पडतात. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, किती जोरावर सुटावं हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य पाहून ठरवायचं असतं. दुकानदाराने यातलं काहीच विचारलं नाही तर दुसरं दुकान बघा. फार घट्ट लावलेलं बाइंडिंग पडल्यावर सुटत नाही आणि पाय मोडतो.

उतारावर नडगी बुटाच्या पुढच्या भागावर टेकलेली ठेवा. घाबरलं की शरीर मागे झुकतं, आणि मागे झुकलं की स्कीवरचा ताबा जातो. पहिला वळणाचा पाठ स्नोप्लाऊचा: पुढची टोकं जवळ, मागची लांब, आतल्या कडांवर भार. डावीकडे वळायचं तर उजव्या पायावर वजन. नजर पायाकडे नको, जिथे जायचंय तिथे. पडणार असं वाटलं तर चढाच्या बाजूला कुशीवर पडा, हात मागे टेकवू नका.

शिकाऊंसाठीही हवा पाहायची असते. बर्फ पडून दाबून घेतलेला उतार सर्वांत चांगला. रात्री उघडं आकाश आणि कडाक्याची थंडी, त्याआधी दुपारी ऊन, असं झालं की सकाळी उतार काचेसारखा टणक असतो. तेव्हा वर्ग उशिरा सुरू करायला सांगा, साडेदहा-अकराला तो नरमतो.

पावडरमध्ये प्रथम जाणाऱ्याला तंत्र थोडं बदलावं लागतं. दोन्ही पायांवर सारखा भार, स्की जवळजवळ, वेग थोडा जास्त, आणि वळण सावकाश. शंभर मिलिमीटर किंवा त्याहून रुंद स्की भाड्याने मिळाली तर ती घ्या.

उंची आणि कपडे

समुद्रसपाटीवरून एका दिवसात गुलमर्गला पोचणाऱ्याने किमान दोन रात्री झोपून मगच दुसऱ्या टप्प्याला जावं. तिथे प्राणवायू मुंबईच्या सुमारे बासष्ट टक्केच मिळतो. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर खाली उतरा. कपड्यांत अंगाला लागून लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, मध्ये फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. सुती बनियन आणि जीन्स नको, घाम सुती कापडात मुरतो आणि लिफ्टवर बसलं की गोठवतो. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, त्यामुळे ढगाळ दिवशीही गॉगल आणि सनस्क्रीन लावा, हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही. सिम पोस्टपेड न्या, बाहेरच्या राज्याचं प्रीपेड तिथे चालत नाही.

मार्चची वेगळी पद्धत

मार्चमध्ये हवा वाचण्याचे नियम उलटतात. पूर्वेकडच्या उतारांवर सकाळी ऊन लागतं, दक्षिणेकडच्यांवर दुपारी, उत्तरेच्या सावलीत पावडर आठवडाभरही टिकतो. रात्री गोठलेला पृष्ठभाग सकाळी दोन-तीन सेंटिमीटर विरघळतो तेव्हा दाणेदार, मऊ, लोण्यासारखा बर्फ मिळतो. हा काळ जेमतेम दोन तासांचा, बहुधा साडेनऊ ते साडेअकरा. पूर्वेच्या उतारावरून सुरुवात करून उन्हाबरोबर सरकत जावं. बूट घोट्यापर्यंत रुतू लागला, उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप गडगडू लागले, की ओल्या हिमस्खलनाची वेळ झाली. तीव्र उतारांखालून निघा. रात्री आकाश ढगाळ राहून पारा शून्याखाली गेलाच नसेल तर हे सकाळी नऊलाच सुरू होतं, तेव्हा त्या दिवशी वर जाऊच नये.

बाबारेशी किंवा टंगमर्गपर्यंत स्की करत उतरायचा बेत मार्चमध्ये आदल्या दिवशी चौकशी करूनच ठरवा. टंगमर्ग गुलमर्गहून पाचशे मीटर खाली आहे आणि तिथला बर्फ आधी जातो. शेवटचे दोन किलोमीटर स्की खांद्यावर घेऊन चिखलातून चालायची तयारी नसेल तर गाडी बाबारेशीच्या दर्ग्याशी बोलावून ठेवा, आणि गोंडोलाची परतीची शेवटची वेळ सकाळीच विचारून घ्या. वारा वाढला तर ती कुणालाही न सांगता अलीकडे येते.